सेफ्टी व्हॉल्व्हचा लिव्हर कुठे हवा, कुठे नको

पंक्चरच्या दुकानातल्या हवेच्या कॉम्प्रेसरवर बोटभर उंचीची एक पितळी झडप असते आणि तिच्या टोकाला एक कडी अडकवलेली असते. डेअरीतल्या बॉयलरच्या झडपेला कडीऐवजी चांगला हातभर लिव्हर असतो. घरातल्या गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला करंगळीएवढी पट्टी असते. तिन्हींचे काम एकच आहे. स्प्रिंगने दाबून बंद ठेवलेली झडप माणसाला हाताने क्षणभर उचलता आली पाहिजे. बर्फाच्या कारखान्यातल्या अमोनियाच्या टाकीवर किंवा एलपीजी साठवणाऱ्या मोठ्या टाकीवर मात्र वेगळे दृश्य दिसते. तिथल्या झडपेच्या डोक्यावर घट्ट आवळलेली टोपी असते आणि हात घालायला जागाच ठेवलेली नसते. आत स्प्रिंग तशीच, काम करण्याची रीतही तीच. तरी एका ठिकाणी लिव्हर सक्तीचा आणि दुसऱ्या ठिकाणी तो चुकूनही नको. हा फरक एखाद्या कंपनीच्या आवडीनिवडीचा नाही. लिव्हर नेमका कशासाठी असतो हे एकदा नीट समजले, की तो कुठे हवा आणि कुठे नको याचा उलगडा बहुतेक आपोआप होतो. अडचण अशी, की ‘दाब फार वाढला तर हाताने सोडून देण्यासाठी तो असतो’ असा समज सर्रास आढळतो, आणि तो चुकीचा आहे.

सेफ्टी व्हॉल्व्ह हे विलक्षण यंत्र आहे. बाकीची यंत्रे रोज चालतात, म्हणून बिघडली की लगेच कळते. पंप बंद पडला तर नळाला पाणी येत नाही, दिवा गेला तर अंधार होतो. सेफ्टी व्हॉल्व्हचे सारे आयुष्य मात्र न हलता जाते. व्यवस्था ठीक चालली असेल तर तो वर्षानुवर्षे उघडतच नाही. आणि अगदी गंजून, क्षार साठून, सीटला, म्हणजे झडप जिथे टेकते त्या कड्याला, चिकटून बसलेला व्हॉल्व्हही बाहेरून तसाच शांत दिसतो. धडधाकट झडप आणि मेलेली झडप यांत पाहणाऱ्याला काही फरक दिसत नाही. तो दिसतो फक्त ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी. माझ्या मते या विषयाचे मूळ इथेच आहे. लिव्हरचे काम झडपेला हलवून पाहणे, ती अजून मोकळी आहे की नाही एवढेच विचारणे. दाब कमी करण्याचा तो मार्ग नाही आणि झडप किती दाबाला उघडेल हेही त्यावरून कळत नाही.

गंमत अशी, की या झडपेच्या जन्मापासून तिला तरफ आहे, पण त्या तरफेचा अर्थ मधल्या काळात पूर्ण उलटला. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ याने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडे शिजवून मऊ करणारे बंद भांडे दाखवले. आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरचा तो पूर्वज. भांडे फुटू नये म्हणून त्याने भोकावर एक झडप बसवली आणि ती वजन अडकवलेल्या तरफेने दाबून धरली, अगदी जुन्या एका पारड्याच्या काट्यासारखी. पुढे वाफेच्या इंजिनांनी हीच रचना उचलली. इथे तरफ झडप बंद ठेवण्यासाठी होती, आणि तोच तिचा घात ठरला. वजन थोडे बाहेर सरकवले, त्यावर आणखी एक वीट ठेवली किंवा तरफ दोरीने बांधली, की इंजिन जास्त जोर लावते हे कामगारांना लवकरच कळले. रिचर्ड ट्रेविथिकचे उच्च दाबाचे पंपिंग इंजिन सप्टेंबर १८०३ मध्ये ग्रिनिच इथे फुटले आणि चार माणसे मेली. देखरेखीला ठेवलेला मुलगा झडप अडकवून ठेवून मासे धरायला गेला होता. त्यानंतर ट्रेविथिकने आपल्या बॉयलरना दोन झडपा लावल्या आणि त्यांतली एकच कामगाराच्या हाताशी ठेवली. उष्णतेने वितळून आग विझवणारी शिशाची गुडदीही त्याने वापरली. माणसाचा हात झडपेपर्यंत पोहोचू द्यायचा की नाही, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता.

हात पूर्णपणे तोडला तर झडप अडकली आहे का हे कळायला मार्ग उरत नाही, आणि हात मोकळा सोडला तर ती बांधली जाते. या पेचातून इंग्लंडमधल्या जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे इंजिनिअरने १८५५ च्या सुमारास काढलेला मार्ग मला फार सुंदर वाटतो. त्याने रेल्वे इंजिनावर दोन झडपा शेजारी शेजारी बसवल्या, दोघींच्या मध्ये एकच स्प्रिंग ठेवली आणि दोघींवरून जाणारी एक आडवी दांडी ड्रायव्हरच्या जागेपर्यंत लांब नेली. ड्रायव्हरने दांडी वर उचलली की एक झडप सैल होते, खाली दाबली की दुसरी सैल होते. एकीवरचा भार वाढवायला जावे तर दुसरी उघडते आणि वाफ बाहेर पडते. म्हणजे दोन्ही झडपा मोकळ्या आहेत हे ड्रायव्हर हवे तेव्हा तपासू शकत होता, पण ठरलेल्या मर्यादेपलीकडे दाब चढवणे त्याला शक्य नव्हते. आजच्या स्प्रिंगच्या झडपेवरचा लिव्हर याच विचाराचा वारस आहे. त्याची बांधणी अशी असते, की तो स्पिंडल, म्हणजे झडपेची उभी दांडी, फक्त वर खेचू शकतो. खाली ढकलू शकत नाही. स्प्रिंगचा ताण ठरवणारा स्क्रू टोपीखाली असतो आणि त्यावर सील असते. पापँच्या तरफेने झडप धरून ठेवली जायची, आजच्या तरफेने ती सोडवता येते.

हलवून न पाहिलेल्या झडपांची किंमत किती असू शकते, याचा दाखला २१ जुलै १९०५ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोच्या बंदरात मिळाला. ‘बेनिंग्टन’ या नौदलाच्या जहाजावर बॉयलर पेटवण्याचे काम चालू होते. हवा बाहेर काढणारी झडप बंद करायची होती; तिच्याऐवजी दाबमापकाकडे जाणारी झडप बंद झाली. काटा हलेना म्हणून खलाशांनी आग आणखी वाढवली. या चुकीपासून वाचवायला सेफ्टी व्हॉल्व्ह होते, शिवाय आगाऊ इशारा देणारी छोटी झडपही होती. त्यांतले काहीही वेळेवर उघडले नाही. बॉयलर फुटला आणि साठाहून अधिक माणसे मेली. दाबमापक बंद होण्याची चूक एका सकाळची होती, पण झडपा निकामी होण्याची प्रक्रिया फार आधीपासून गुपचूप चालली असणार. ती उघड करण्याची संधी आधीच्या प्रत्येक दिवशी होती. त्याच वर्षी २० मार्चला मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटून ५८ कामगार मेले होते. त्या दुर्घटनेतून त्या राज्याचा बॉयलर कायदा आला, आणि पुढे अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सने, म्हणजे एएसएमईने, आपली बॉयलर संहिता काढली. आज जगभर, भारतातसुद्धा, दाबपात्रे घडवणारे तिचा आधार घेतात.

लिव्हर कुठे सक्तीचा, हे ही संहिता मोजक्या शब्दांत सांगते. हवा, वाफ आणि ६० अंश सेल्सिअसहून गरम पाणी या तीन ठिकाणी. त्यासोबत एक अट आहे. झडपेखालचा दाब तिच्या ठरलेल्या दाबाच्या निदान ७५ टक्के असताना लिव्हरने डिस्कवरचा, म्हणजे सीट झाकणाऱ्या तबकडीवरचा, स्प्रिंगचा भार सुटला पाहिजे. नियम म्हणून वाचला तर हा मजकूर कोरडा वाटतो, पण या तीन पदार्थांत काय सारखे आहे ते पाहिले की त्यातला विचार दिसू लागतो. पहिले साम्य असे, की तिन्ही मोकळ्या हवेत सोडता येतात. नीट काढलेल्या नळीतून बाहेर पडणारी वाफ तापदायक असली तरी विषारी नसते, पेटत नाही आणि थोड्या वेळात विरून जाते. दुसरे साम्य अधिक महत्त्वाचे आहे. हे पदार्थ झडप चिकटवण्यात तरबेज आहेत. दाबलेल्या हवेत ओलावा असतो, कॉम्प्रेसरचे तेल असते, आणि दोन्ही मिळून सीटपाशी चिकट थर बसतो. वाफेबरोबर बॉयलरच्या पाण्यातले क्षार वर येतात आणि धातू गंजतो. पाणी तापले की त्यातला विरघळलेला चुना बाहेर पडून दगडासारखा बसतो. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरात गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो तोच झडपेच्या सीटवरही बसत असतो. ६० अंशांची रेघ म्हणूनच मला सयुक्तिक वाटते. थंड पाण्यात क्षार इतक्या वेगाने सुटत नाहीत, आणि थंड पाण्याच्या टाकीत फुटण्याइतकी ऊर्जाही साठलेली नसते. तापलेल्या पाण्याचे तसे नाही. वातावरणाच्या दाबाला उकळत्या पाण्याची वाफ होते तेव्हा ते सुमारे १,६०० पट जागा व्यापते.

७५ टक्क्यांच्या अटीमागे साधे गणित आहे. समजा, झडपेच्या सीटचा व्यास ५० मिलिमीटर आहे आणि ती दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाबावर उघडायला लावली आहे. सीटचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे स्प्रिंग झडपेला जवळपास १९६ किलो भाराने खाली दाबून धरते. बॉयलर थंड असताना कोणी लिव्हर ओढला तर हा सगळा भार त्याच्या हातावर आणि त्या बारीक स्पिंडलवर येतो. पण दाब ७.५ किलोवर असेल तर १४७ किलो भार वाफच पेलते. उरतात ४९ किलो, आणि लिव्हरची पट दहास एक असेल तर हाताला लागतो जेमतेम पाच किलोंचा जोर. शिवाय दाब असताना झडप उचलली की जोराने निघणारी वाफ सीटवरची बारीक घाण उडवून नेते. दाब नसताना उचलली तर तोच कण सीट आणि डिस्क यांच्यामध्ये अडकून बसतो, आणि झडप दुसऱ्या दिवसापासून गळू लागते. ‘लिव्हर ओढला आणि व्हॉल्व्ह खराब झाला’ अशी तक्रार कारखान्यांत नेहमी ऐकू येते. त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ लिव्हर चुकीच्या वेळी ओढण्यात असते.

आता लिव्हर नको तिथे का नको, हे पाहू. लिव्हरचा स्पिंडलशी संबंध जोडायचा तर टोपीला कुठेतरी भोक पाडावेच लागते. साध्या उघड्या लिव्हरच्या झडपेत, झडप उघडली की थोडा वायू त्या वाटेने वरही निघतो. वाफेच्या बाबतीत त्याने बिघडत नाही. वाफेच्या झडपांची स्प्रिंग थंड राहावी म्हणून तिचे आवरणच कित्येकदा उघडे ठेवतात. अमोनिया, क्लोरीन, हायड्रोजन किंवा एलपीजी असेल तर तेच भोक माणसाच्या चेहऱ्यासमोर उघडते. पॅकिंग भरलेला लिव्हर ही मधली वाट आहे, पण पॅकिंग हा झिजणारा भाग आहे. त्यात पुन्हा असे, की झडप उचलून पाहणे म्हणजे आतला थोडा माल बाहेर सोडणे. जो माल बाहेर सोडताच येत नाही, त्याच्या झडपेला हा प्रश्न अशा रीतीने विचारता येत नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा बॉयलरच्या संहितेतच आहे. पाण्याऐवजी सेंद्रिय द्रव उकळवून त्याची वाफ वापरणारे बॉयलरही असतात. वाफेच्या बॉयलरला लिव्हर सक्तीचा करणारी संहिता या बॉयलरच्या झडपा पूर्ण बंदिस्त असाव्यात असे सांगते, लिव्हर ठेवू देत नाही, आणि त्याच्या बदल्यात झडप वर्षातून एकदा उतरवून तपासायला लावते. हात काढून घेतला, पण तपासणी सोडली नाही. अमोनियाच्या शीतकरणात झडपा पाच वर्षांनी बदलून टाकण्याचा जो प्रघात आहे, त्यामागेही हाच हिशेब आहे. पायलटवर, म्हणजे छोट्या साहाय्यक झडपेवर, चालणाऱ्या झडपांना लिव्हरऐवजी बाहेरून नायट्रोजनचा दाब देऊन हलणारे भाग मोकळे आहेत का हे पाहण्याची सोय चालते. झडपेखाली फुटणारी पातळ चकती बसवलेली असेल तर लिव्हरचा उपयोगच संपतो, कारण चकतीच्या वर दाब पोहोचलेला नसतो.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो, की बंद असलेली चांगली झडप मुद्दाम उघडणे म्हणजे नसते संकट ओढवून घेणे. ती परत नीट बसली नाही तर काय? हा आक्षेप हलका नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारी एक झडप उघडली आणि बंद व्हायची ती झालीच नाही. दोन तासांहून अधिक काळ थंडावा देणारे पाणी तिच्यातून निघून जात राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. ती झडप विजेवर चालणारी होती, लिव्हरची नव्हती. तरीही उघडी अडकलेली झडप बंद अडकलेल्या झडपेइतकीच घातक ठरू शकते, हे त्या घटनेने कायमचे दाखवून दिले. पण साध्या बॉयलरच्या किंवा कॉम्प्रेसरच्या बाबतीत तोल दुसऱ्या बाजूला झुकतो. एकदा उचलल्यावर जी झडप परत बसत नाही, ती खऱ्या गरजेच्या वेळीही परत बसली नसतीच. फरक इतकाच, की ठरवून उचलली तेव्हा आग हाताशी होती, माणूस समोर उभा होता आणि नवी झडप कपाटात होती. गळणारी झडप आवाज करते, दिसते, तिची दुरुस्ती होते. चिकटलेली झडप यातले काहीच करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारपूर्वक घेतलेला आहे. लिव्हर ओढून झडप मोकळी आहे एवढेच कळते. ती १० किलोला उघडेल की १४ ला, हे कळत नाही. मग टेस्ट बेंचवर नेऊन नीट तपासणीच का करू नये? हे खरे आहे, आणि संहितेनेही ते मान्य केले आहे. ‘कोड केस २२०३’ या नावाने दिलेल्या सवलतीनुसार वाफ, हवा आणि गरम पाण्याच्या झडपांवरूनही लिव्हर वगळता येतो. मात्र वापरणाऱ्याकडे झडपा ठरावीक काळाने उतरवून तपासण्याची आणि दुरुस्त करण्याची लेखी पद्धत हवी, ती प्रत्यक्षात चालू हवी आणि त्या भागातल्या सरकारी यंत्रणेची परवानगी हवी. तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी ही सवलत योग्यच आहे. तिथे झडपांची स्वतंत्र कार्यशाळा असते, प्रत्येकीचा इतिहास नोंदलेला असतो. इचलकरंजीच्या एखाद्या छोट्या प्रोसेस हाउसमध्ये किंवा कपडे धुण्याच्या लाँड्रीत एकच बॉयलर आणि तो चालवणारा एकच अटेंडंट असतो. तिथे दोन वार्षिक तपासण्यांच्या मधल्या काळात झडप जिवंत आहे का, हे सांगणारे दुसरे काहीही नसते. तिथे लिव्हर काढून टाकणे मला पटत नाही. बेंचची तपासणी झडप बरोबर आकड्यावर उघडते हे सांगते, पण ते त्या दिवसापुरते. लिव्हर तिथून पुढच्या दिवसांसाठी आहे. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात आणि एक केली म्हणून दुसरी माफ होत नाही.

महाराष्ट्रात हा भेद सर्वांत स्पष्ट दिसतो तो साखर कारखान्यात. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गाळप सुरू होते आणि मग चार-पाच महिने बॉयलर सहसा विझत नाही. बाष्पके संचालनालयाच्या अधिकाऱ्याची वार्षिक तपासणी हंगामाबाहेर होते. ऐन गाळपात झडप उतरवायची तर बॉयलर थंड करावा लागतो, आणि फडात तोडलेला ऊस तोवर वाळत पडतो. अशा अखंड चालणाऱ्या बॉयलरवर लिव्हर मोलाचा आहे. पण इथेही सरसकट नियम लावता येत नाही. सहवीजनिर्मितीसाठी अलीकडे ६७, ८७ किंवा ११० किलो दाबाचे बॉयलर बसले आहेत. इतक्या दाबाची वाफ अरुंद फटीतून सुटली की सीटचा पृष्ठभाग अक्षरशः कापत जाते. अशा झडपा वरचेवर हाताने उचलू नयेत. त्यांच्यासाठी चालू बॉयलरवरच हायड्रॉलिक जॅकने स्पिंडल ओढून, लागलेल्या जोरावरून उघडण्याचा दाब काढण्याची पद्धत आहे, आणि ती उत्तम आहे. दहा-बारा किलोंच्या बॉयलरवर मात्र लिव्हर नेमाने ओढावा.

सुरुवातीला सांगितलेल्या गैरसमजाकडे परत यायला हवे, कारण तो जिवावर बेततो. बॉयलरमधले पाणी खाली गेले आहे, नळ्या उघड्या पडून तापल्या आहेत, अशा वेळी घाबरून लिव्हर ओढणे ही सर्वांत वाईट चूक आहे. १० किलो दाबाच्या बॉयलरमध्ये पाणी साधारण १८४ अंशांवर असते आणि केवळ दाबामुळे द्रव राहिलेले असते. दाब एकदम उतरला की ते पाणी उसळते, तापलेल्या धातूवर चढते आणि आणखी वाफ करते. म्हणून अशा वेळी आग काढावी, हवा बंद करावी आणि झडपेला, तसेच पाणी भरणाऱ्या पंपाला हात लावू नये, असे जुने बॉयलरवाले शिकवत आले आहेत. रोजचा दाब उतरवण्यासाठी वेगळी व्हेंट असते. त्या कामाला लिव्हर वापरला तर सीट लवकर झिजते आणि खऱ्या कामाची झडप वाया जाते.

घरच्या गीझरवरची पट्टी ही या सगळ्याची सर्वांत लहान आवृत्ती आहे, आणि बहुतेक घरांत ती बसवल्यापासून कोणी हलवलेली नसते. ती दर काही महिन्यांनी उचलावी. त्याआधी गीझरचा स्विच बंद करावा आणि झडपेच्या तोंडाला लावलेली नळी मोकळी आहे का, ती कोणाच्या अंगावर तर येत नाही ना, हे पाहावे, कारण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते. पट्टी पूर्ण उचलून पाण्याची धार येऊ द्यावी, म्हणजे चुन्याचे कण वाहून जातात, आणि मग ती पटकन सोडावी. पट्टी हललीच नाही, किंवा हलली आणि पाणी आले नाही, तर पक्कड लावून जोर करू नये. पाणी बंद करून ती झडपच बदलावी. आणि सोडल्यानंतर थेंब गळत राहिले, तर ते थांबवण्यासाठी तोंडाला बूच लावण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मुळीच ऐकू नये.